रिजेक्शन कमी करायचंय? आधी संडासाची कडी बसवा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी क्वालिटी बघते. मेटलर्जीचा डिप्लोमा करून लॅबमध्ये वाळू तपासायला लागले, त्याला आता २२ वर्षं झाली. आमच्याकडं बिडाची कास्टिंग होतात: पंपाच्या बॉड्या, बेअरिंग हाउसिंग, गिअरबॉक्सची झाकणं असली. माणसं दीडशेच्या आतबाहेर. मोल्डिंगला (साचे करायला) निम्मी पोरं बिहार-ओडिशाची, कोअर शॉपला आजूबाजूच्या गावांतल्या बायका, फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) ठेकेदाराची माणसं. कोअर म्हणजे कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा ठोकळा.

हल्ली ओळखीतले लहान कारखानदार फोन करतात. बहुतेकांचा सूर एकच. ‘मॅडम, नवं मशीन घेतलं, आयएसओ केलं, पण माणसं तोंडच उघडत नाहीत. सुधारणा कुठनं आणायच्या?’ प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढते. उदाहरणं फौंड्रीची आहेत. तुमचं युनिट शिवणकामाचं नाहीतर बेकरीचं असेल तर वाळूच्या जागी कापड किंवा मैदा वाचा, बाकी फारसं बदलणार नाही.

पहिली मागणी कसलीही असो, दोन दिवसांत पुरी करा

आमचे मालक एकदा कुठल्याशा ट्रेनिंगला जाऊन आले आणि येताना सूचनापेटी घेऊन आले. लाल रंगाची, कुलूपवाली. टाइम ऑफिसजवळ टांगली. दीड महिन्यानं उघडली तर आत गुटख्याच्या दोन पुड्या, बसचं एक तिकीट आणि वहीच्या पानाचा चतकोर. त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘बायकांच्या संडासाला कडी नाही.’

मालक हसले. ‘ही काय क्वालिटीची सूचना आहे का?’ खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मी ऑफिसकडचं संडास वापरायची, त्यामुळं कोअर शॉपच्या मागं काय अवस्था आहे हे मला बाई असूनही माहीत नव्हतं. जाऊन बघितलं. एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं, असा तिथला रिवाज. म्हणजे दरवेळी टेबलावरनं दोघी उठणार. तेवढ्यात मिक्सरमधून काढलेली सिलिकेटची (कण धरून ठेवणारं रसायन मिसळलेली) वाळू उघड्यावर पडून वरून पापुद्रा धरणार, आणि परत आल्यावर तीच वाळू कोअर बॉक्समध्ये ठासली जाणार. कच्चे, भुरभुरे कोअर कुठनं येतात याचा आम्ही वर्षभर शोध घेत होतो!

कडी दुसऱ्या दिवशी बसली. त्यानंतर पेटीत चिठ्ठ्या काही वाढल्या नाहीत, पण बायका माझ्याशी बोलायला लागल्या. पेटी मी काढून टाकली.

तर सुरुवात अशी करा. लोकांना क्वालिटीबद्दल विचारूच नका. ‘कामात त्रास कशाचा होतो?’ एवढंच विचारा. पंखा, पिण्याचं पाणी, ट्रॉलीचं तुटकं चाक, न बसणारे हातमोजे, असलं काहीतरी निघेल. जे पहिलं निघेल ते दोन दिवसांत करा आणि ज्यानं सांगितलं त्याला दाखवा. जमणार नसेल तर आठवड्याच्या आत तोंडावर ‘नाही’ म्हणा आणि का नाही ते सांगा. ‘बघू’ म्हणू नका. आमच्याकडं ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना पाठ आहे.

फळ्यावर माणसाचं नाव लिहू नका

हे मी स्वतः शेण खाऊन शिकले आहे. क्वालिटीची जबाबदारी नवी नवी आली होती. उत्साह दांडगा. मोल्डिंग लाइनच्या डोक्यावर मोठा फळा लावला, मोल्डरांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढं रोजचं रिजेक्शन, म्हणजे किती नग खराब गेले ते, लाल खडूनं. महिन्याभरात आकडा निम्म्यावर आला. मालकांनी पेढे वाटले. मी तर हवेतच.

मग एका रात्री भट्टीवरचे मामा हळूच म्हणाले, ‘मॅडम, हल्ली चार्जमध्ये पंपाच्या बॉड्या लई दिसत्यात.’

चार्ज म्हणजे भट्टीत वितळवायला घालतो तो माल. कळायला वेळ लागला नाही. नॉकआउटला, म्हणजे थंड झालेलं कास्टिंग काढताना, साचा फुटला, कास्टिंग खराब दिसलं, की मोल्डर आणि फेटलिंगची पोरं मिळून तिथंच घणानं तुकडे करत होती आणि रनर-रायझरच्या (कास्टिंगला जोडून येणाऱ्या जादा धातूच्या) ढिगात घालून भट्टीत परत पाठवत होती. इन्स्पेक्शनच्या टेबलापर्यंत खराब माल येतच नव्हता, तर रिजेक्शन मोजणार कशाचं? ओतलेले बॉक्स (साचे) आणि मोजलेली कास्टिंग यांचा मेळ घातला तर एका आठवड्यात ४० नगांचा फरक. आकडा सुधारला होता, कास्टिंग होतं तिथंच.

फळा त्याच दिवशी पुसला. नावांच्या जागी जॉबचं (कुठलं कास्टिंग ते) नाव, दोषाचं नाव, किती नग आणि किती वाजता, एवढंच लिहायला लागलो. आणि रोजचा हिशोब: ओतलेले बॉक्स बरोबर चांगले अधिक खराब. एक नग जरी कमी पडला तरी शोधायचा, पण चोर पकडल्यासारखा नव्हे.

इथं एक गोष्ट मालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तोंडघशी पडाल. माणसं खरं दाखवायला लागली की रिजेक्शनचा आकडा पहिले दोन महिने वाढतो. आमचा वाढला. पेढे वाटलेल्या माणसाला हे समजावणं किती अवघड असतं ते माझं मला माहीत. तेव्हापासून कुठलीही सुधारणा सुरू करताना मी आधी केबिनमध्ये जाऊन सांगते, ‘साहेब, आता आकडा चढणार आहे. घाबरायचं नाही आणि खाली येऊन कुणाला झापायचं तर अजिबात नाही.’

प्रश्नही बदलला. ‘कुणी केलं?’ विचारलं की समोरचा माणूस बचावाला लागतो. ‘का झालं?’ विचारलं तरी निम्मे लोक त्यात आरोपच ऐकतात. मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न म्हणजे ‘हे कधीपासनं दिसतंय?’ त्याला कुणीही बिनधास्त उत्तर देतो.

भोक म्हणजे भोक नव्हे

आमच्या जुन्या रजिस्टरात बहुतेक पानांवर एकच शब्द होता, ब्लोहोल, म्हणजे गॅस अडकून पडलेलं भोक. कारण ते लिहायला सगळ्यांना यायचं. त्या भरवशावर आम्ही दोन आठवडे वाळूतला ओलावा कमीजास्त करत बसलो, मोल्डरांचं डोकं फिरवलं, आणि शेवटी एक नग मधोमध कापून बघितला तर ते ब्लोहोल नव्हतंच. जाड भागाला रस (वितळलेलं बीड) पुरत नव्हता, जादा रस पुरवणाऱ्या रायझरचं काम होतं ते.

म्हणून टीम जमवायच्या आधी एक टेबल मांडा. आमचं टेबल म्हणजे मोडीतली सरफेस प्लेट, वर बॅटरी, भिंग आणि रोजचे चार-पाच खराब नग, आडवे कापलेले. शेजारी जाड अक्षरात ओळख:

भोक आतून गुळगुळीत, चकचकीत असेल तर गॅस. आतून खडबडीत, काटेरी असेल तर रस आटल्यावर भरपाई झाली नाही. वेड्यावाकड्या खड्ड्यात वाळूचे कण असतील तर साचा कुठंतरी ढासळला. गोलसर कडांची शिवण दिसत असेल तर दोन बाजूंनी आलेला रस एकजीव झाला नाही, म्हणजे थंड होता किंवा सावकाश ओतला.

एवढं चहाच्या सुट्टीत उभ्या उभ्या शिकता येतं, भाषा कुठलीही असो. ओडिशाचा एक पोरगा मराठीतलं अवाक्षर न कळता आठ दिवसांत इन्स्पेक्टरपेक्षा बरोबर ओळखायला लागला.

टेबलाचा आणखी एक फायदा झाला, तो मी ठरवलेला नव्हता. कोअर शॉपमधल्या बायकांनी आठ-दहा वर्षं कोअर केले होते, पण तो कास्टिंगमध्ये जाऊन काय होतो हे कधी बघितलंच नव्हतं. तिथल्या सगळ्यांत जुन्या मावशींना मी कापलेली पंप बॉडी दाखवली. त्यांनी आतल्या पोकळीत बोट घातलं, फिरवलं आणि म्हणाल्या, ‘आगं बाई, ह्ये माझ्या कोअरचं नाक व्हय?’

बैठक: पगारी वेळेत, उभ्यानं, पंधरा मिनिटं

शिफ्ट सुटल्यावर मीटिंग लावणाऱ्यांना मी हात जोडते. बस चुकते, पोरं शाळेतनं येतात, म्हैस धारेला थांबलेली असते. शिफ्टच्या वेळेत घ्या, पगार चालू असताना. एसी केबिनमध्ये घेऊ नका. तिथं माणूस खुर्चीच्या कडेवर बसतो आणि ‘होय साहेब’ म्हणून उठतो. आम्ही त्याच टेबलाभोवती उभं राहतो, सहा ते आठ जण, आठवड्यातनं एकदा. एका विभागाचेच सगळे नकोत. ज्या जॉबची चर्चा आहे त्याला हात लावणारा प्रत्येक विभागातला एक: कोअर, मोल्डिंग, भट्टी, ओतकाम, फेटलिंग.

सुपरवायझरला आधी भेटा. त्याला वाटतं, मॅडम माझ्या डोक्यावरनं माझ्या माणसांना फितवतायत. यात त्याचं काही चुकत नाही. मी प्रश्न त्यालाच मांडायला लावते: ‘माझ्या लाइनला अमुक अडचण आहे, मला मदत करा.’ सुपरवायझरनं हे वाक्य एकदा सगळ्यांसमोर म्हटलं की निम्मं काम होतं. पण ते म्हणायला आमच्या एका सुपरवायझरला पाच महिने लागले. आणि तुम्ही स्वतः सगळ्यात शेवटी बोला. हुद्द्यानं मोठा माणूस आधी बोलला की बाकीचे फक्त मान हलवतात.

या प्रकाराला पुस्तकात क्वालिटी सर्कल म्हणतात. जपानमध्ये काओरू इशिकावांच्या पुढाकारानं १९६२ साली ही मंडळं सुरू झाली, आपल्याकडं भेल या सरकारी कंपनीनं १९८० मध्ये आणली आणि १९८२ मध्ये स्थापन झालेली हैदराबादची क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया त्यांच्या स्पर्धाही भरवते. आम्हीही एकदा स्पर्धेत उतरलो. प्रमाणपत्र मिळालं, ऑफिसात टांगलंय. पण स्लाइडी रंगवण्यात सहा आठवडे गेले आणि तेवढे दिवस टेबलावरचे नग कुणी कापले नाहीत. हौस असेल तर जरूर जा. मी परत गेले नाही. इशिकावांचा माशाचा काटा, म्हणजे दोषाची कारणं मांडायची आकृती, मात्र मी अजून वापरते, पण कागदावर नाही, खडूनं फरशीवर. कागद मांडला की पेन कुणाच्या हातात, हा प्रश्न येतो. फरशीवर कुणीही वाकून रेघ मारतो.

मावशींचं कपाट

आता एक प्रकरण सविस्तर सांगते, कारण नावीन्य म्हणतात ते कुठनं येतं हे त्यात दिसेल.

जुलै महिना. कोल्हापूरचा पाऊस, भिंतींनासुद्धा घाम सुटलेला. पंप बॉडीला गॅसची भोकं वाढली. आधी सगळ्यांनी नेहमीप्रमाणे एकमेकांकडं बोट दाखवलं. मोल्डर म्हणाले वाळू ओली, लॅब म्हणाली वाळू बरोबर आहे, ठासणी जास्त होतेय. माझा स्वतःचा संशय भट्टीवर होता. फळ्यावर मात्र ‘किती वाजता’चा रकाना होता. तो बघितला तर खराब नगांपैकी बहुतेक पहिल्या शिफ्टच्या पहिल्या दोन तासांतले. मग मला वाटलं, पहिलीच हीट (भट्टीतला दिवसाचा पहिला घाणा), रस थंड असणार. भट्टीवाल्या मामांनी तापमानाची वही पुढं केली. थंड नव्हता.

बैठकीत मावशी गप्प होत्या. बैठक संपल्यावर हात धुताना नळापाशी म्हणाल्या, ‘मॅडम, सकाळच्या पारी जे कोअर जात्यात ते दाराकडच्या मांडणीवरचे. रातभर वारं खात्यात. हातात घेतलं की सर्दावलेल्या पापडागत लागत्यात.’

‘मग आत सांगितलं का नाही?’

‘मागं एकदा सांगितलं हुतं. तवा, तुम्ही कोअर करा, डोकं आम्ही लावतो, असं म्हनले.’

कोण म्हणालं ते मी विचारलं नाही. रात्री दहाला दहा कोअर लॅबच्या काट्यावर तोलले, सकाळी सहाला परत तोलले. प्रत्येक कोअर ८ ते १२ ग्रॅमनं जड. सिलिकेटचा कोअर हवेतला ओलावा ओढतो हे मी डिप्लोमाला शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. मावशींच्या बोटांना ते रोज कळत होतं. ओल्या कोअरवर रस पडला की पाण्याची वाफ होणार आणि वाट मिळेल तिथनं बाहेर पडणार. वाट नाही मिळाली तर बॉडीत भोक.

उपायांची चर्चा झाली. सुपरवायझर म्हणाला दार बंद ठेवू, पण त्याच दारातनं दिवसरात्र ट्रॉल्या जातात. मी हवा कोरडी करणाऱ्या यंत्राचं कोटेशन मागवलं होतं. ते वाचताना मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, ‘आमी घरी पिल्लांना बलब लावतो, तसं करूया की.’ त्यांच्या परड्यात कोंबड्या आहेत. पावसाळ्यात पिल्लं गारठून मरू नयेत म्हणून खोक्यात बल्ब सोडतात.

ऑफिसातलं मोडीत निघालेलं लोखंडी कपाट आणलं. वरच्या बाजूला भोकं पाडली, म्हणजे दमट हवा निघून जाईल, आणि तळाशी १०० वॅटचे दोन बल्ब. सगळे खूश. आमचा इलेक्ट्रिशियन मात्र आडवा आला. ‘कोअरला जो वॉशचा लेप लावता त्यात स्पिरिट असतं. बंद कपाटात त्याची वाफ साठली आणि ठिणगी पडली तर?’ सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. पण तो शंभर टक्के बरोबर होता. मग ठरलं: वॉश लावून, त्यातलं स्पिरिट जाळून, कोअर पूर्ण थंड झाल्याशिवाय कपाटात जाणार नाही, वॉशचा डबा त्या भिंतीला नाहीच, आणि बल्बला जाळी. तेव्हापासून प्रत्येक नव्या प्रयोगाला मी एक तरी आडवं बोलणारा माणूस मुद्दाम बोलावते.

आता प्रयोग कसा करायचा, ते नीट वाचा. बहुतेक सुधारणा इथंच फसतात. नवी गोष्ट सगळीकडं एकदम लावली की फरक कशानं पडला ते कळत नाही. पाऊस थांबला म्हणून पडला की कपाटामुळं? आम्ही रोज सकाळी ४० साचे कपाटातल्या कोअरचे आणि ४० दाराकडच्या मांडणीवरच्या कोअरचे केले. तोच मोल्डर, तीच वाळू, एकाच लॅडलचा (रस ओतायच्या भांड्याचा) रस आळीपाळीनं. ओळखायचे कसे? ज्या बाजूला मशिनिंग होत नाही तिथं साच्याला खिळ्यानं एक टोचा मारायचा, म्हणजे कास्टिंगवर बारीक पुटकुळी उठते. पुटकुळीवाले नग कपाटातले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बघते तर एकाही नगावर पुटकुळी नाही! फेटलिंगच्या पोरानं ग्राइंडरनं सगळ्या मन लावून घासून काढल्या होत्या. ‘मॅडम, खराब दिसत होतं.’ त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दिवस वाया. चूक माझी, बैठकीत त्या दिवशी फेटलिंगचा माणूस नव्हता.

पुढचे तीन दिवस नीट झाले. मांडणीवरच्या १२० पैकी १७ खराब, कपाटातल्या १२० पैकी ४. ते चार कापून बघितले तर त्यातले दोन वाळू ढासळल्याचे निघाले, कपाटाचा त्यांच्याशी संबंध नव्हता. मग दुसरं कपाट आलं, आणि मावशींच्या शेजारणीनं वाराप्रमाणे खडूचा रंग सुचवला, म्हणजे आधी झालेला कोअर आधी जाईल.

सगळ्याच कल्पना अशा लागू पडत नाहीत. त्याच महिन्यात साच्याला गॅस जायला जादा भोकं पाडायचं एकानं सुचवलं. गॅस गेला, पण रसही त्या भोकांत शिरला आणि फेटलिंगला प्रत्येक नगावर घासत बसावं लागलं. चार दिवसांत बंद केलं. वहीत ‘बंद, कारण अमुक’ असं लिहिलं आणि ज्यानं सुचवलं त्यालाच ते लिहायला सांगितलं. तो आजही काही ना काही सुचवतो.

थांबवण्याचे पैसे कापू नका

आमच्याकडं मोल्डरला बॉक्सवर पैसे मिळतात. तुमच्याकडंही नगावर असतील तर क्वालिटीची पोस्टरं लावण्याआधी याचा विचार करा. जो जास्त नग काढील त्याला जास्त पैसे, आणि वर म्हणायचं की शंका आली तर थांब! कोण थांबेल?

आम्ही लाइनजवळ रुळाचा एक तुकडा टांगला. काही चुकतंय असं वाटलं तर कुणीही टोला द्यायचा, आणि सुपरवायझर किंवा मी पाच मिनिटांत तिथं पोचायचं. पहिले तीन आठवडे कुणी हात लावला नाही. मग ओतकामाच्या एका पोरानं लॅडल मधेच थांबवून टोला दिला, ‘रस थंड झालाय’ म्हणून. थर्मोकपल (रसाचं तापमान मोजायचं साधन) घालून बघितलं. त्या जॉबला १३६० अंशांच्या खाली ओतायचं नाही असं ठरलेलं, निघालं १३२५. उरलेला रस पिगमध्ये, म्हणजे परत वितळवायच्या लाद्यांत, ओतला, सहा बॉक्स राहिले. त्या सहा बॉक्सचे पैसे मोल्डरला मिळाले. ठेकेदार कुरकुरला, पण मिळाले. ते मिळाले नसते तर तो रूळ आजपर्यंत गंजत पडला असता.

आणखी एक वचन मालकांकडून आधीच घ्या, शक्यतो सगळ्यांसमोर: सुधारणेमुळं माणूस कमी लागला तरी कुणाला घरी पाठवणार नाही, दुसऱ्या कामाला लावू. हे मिळत नसेल तर मी सांगितलेलं बाकी काही करू नका. लोक मूर्ख नाहीत.

मालकांशी बोलताना

त्यांचं ठरलेलं वाक्य: ‘खराब झालं तर वितळवून परत वापरतो की. नुकसान काय?’ त्यांना हिशोब द्या, भाषण नको. एक टन बीड इंडक्शन भट्टीत वितळवायला साधारण ६०० युनिट वीज जाते, ती दोनदा जाते. वाळू, कोअर, वॉश, मजुरी परत येत नाही. आणि भोक ग्राहकाच्या मशिन शॉपमध्ये उघडं पडलं तर जायचं-यायचं भाडं, त्यांच्या मशिनिंगची डेबिट नोट (तेवढे पैसे आमच्या बिलातनं वजा) आणि खरेदीवाल्या साहेबांचा फोन. मी एका डेबिट नोटेची झेरॉक्स टेबलावर ठेवली. त्यानंतर कपाटाच्या पैशाला कुणी नाही म्हटलं नाही.

बक्षिसांबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. आम्ही एकदा उत्तम कल्पनेला ५०० रुपये दिले. कल्पना नक्की कुणाची यावरून कोअर शॉपमधल्या दोघी महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. आता पैसे एकट्याला देत नाही. काही जमलं की त्या विभागाला मिसळ, आणि वस्तूला माणसाची ओळख चिकटते. कामाच्या सूचनापत्रात ‘कोअर शेकण्याचे कपाट’ असं छापलंय, पण ग्राहकाचे ऑडिटर आले तेव्हा सगळे ‘मावशींचं कपाट’च म्हणत होते. त्यांनी विचारलं, मावशी कोण? मावशींनी पदर खोचून त्यांना दहा मिनिटं सगळं समजावलं, स्पिरिटच्या धोक्यासकट.

पुढच्या पावसाळ्यात परत बघा

सुधारणा केली, कागद चिकटवला, फोटो काढला, की संपलं असं वाटतं. आमचं पुढच्याच वर्षी जुलैमध्ये पितळ उघडं पडलं. पहिल्या दोन तासांची भोकं परत सुरू. कपाट जागेवर, दिवे चालू, खडूचे रंग बरोबर. तीन दिवस डोकं खाजवलं. चौथ्या दिवशी मावशींनी कपाटात हात घातला आणि म्हणाल्या, ‘उजेड हाय, ऊब कुठाय?’

उन्हाळ्यात जुने बल्ब गेले होते. स्टोअरनं वीजबचतीच्या धोरणाप्रमाणे एलईडी लावले होते. उजेड झकास, आणि कपाट गार.

आता त्या कागदावर लाल अक्षरात लिहिलंय: ‘एलईडी चालणार नाही. रोज सकाळी हात घालून ऊब बघा.’ बल्ब स्टोअरकडं नसतात. पोल्ट्रीचं सामान मिळतं त्या दुकानातनं डझनानं आणतो आणि ते कोअर शॉपच्या खणात असतात. किल्ली मावशींच्या कनवटीला.